दोन इंच माया

सोनपेठच्या बाजारगल्लीत भांड्यांच्या दुकानावर एक लांबोळकी खोली आहे. तिथं राजेश्री ब्लाऊज शिवते. गावात टेलर आणखीही आहेत, पण बायका तिच्याकडं कापड टाकतात त्याला कारण एकच, ती माया भरपूर ठेवते. माया म्हणजे शिलाईच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड. बाई अंगानं भरली की टाके उसवायचे, माया सोडायची, तोच ब्लाऊज आणखी दोन वर्षं निघतो. दुसरे टेलर ती कातरून टाकतात. राजेश्री कातरत नाही. माहेरी वालूरला शेजारच्या कमलबाईंनी तिला मशीनवर बसवलं, तेव्हापासूनची ही सवय. बायका जिना चढता चढताच म्हणतात, “राजेश्री, माया ठेव गं बाई.” दिवसातून दहादा हे वाक्य तिच्या कानावर पडतं, आणि त्याचा दुसरा अर्थ काढत बसायला तिला कधी वेळ झालेला नाही.

तिचं एक दुखणं मात्र जुनं आहे. धाकट्या जावेचा हेवा. हा हेवा मोठ्यानं बोलत नाही. मशीनखाली पडलेल्या टाचणीसारखा असतो, दिसत नाही, पाय पडला की कळतो.

जाऊ, माधवी, मूळची जिंतूरची. लग्नातला तिचा ब्लाऊज राजेश्रीनंच शिवला होता आणि ती मापं अजून वहीत आहेत. पण राजेश्रीच्या दिराबरोबर, योगीराजबरोबर, पुण्याला गेली आणि चार वर्षांत तिच्या तोंडातलं ‘हाय’ जाऊन ‘आहे’ आलं, ‘न्हाई’ जाऊन ‘नाहीये’ आलं. ती वाईट वागली असती तर राजेश्रीला सोपं गेलं असतं. ती चांगलीच वागायची. दर दिवाळीला राजेश्रीच्या लेकीसाठी, शिवकन्येसाठी, फ्रॉक आणायची, आणि तो फ्रॉक पोरीच्या अंगावर असा बसायचा की राजेश्री आतून उलटा करून बघायची. आत माया नसायचीच. बोटभरसुद्धा नाही. तरी तोच फ्रॉक शिवू झोपताना उशाशी घ्यायची.

यंदा मे महिन्यात योगीराजचा फोन आला. “दादा, गावात आलो की आमच्या ओजसला घामोळ्या येतात. परभणी-जिंतूर रस्त्यावर नवीन वॉटर पार्क झालंय, राहायलाही खोल्या आहेत. आमी दोन बुक केल्यात. तुमी सगळे या.”

सासूबाई, कस्तुराबाई, ज्वारी निवडत होत्या. त्या सुपातून मान न उचलता म्हणाल्या, “सवताचं घर सोडून रानात झोपायचं, ते बी पैसे देऊन. जा तुमी. त्या डायनासोरला माझा रामराम सांगा.”

डायनासोरची गोष्ट जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक होती. पार्कच्या फाटकावर फायबरचा हिरवा डायनासोर उभा केला होता. एसटीचे कंडक्टरही त्या थांब्याला ‘डायनासोर’ म्हणूनच हाक मारायचे.

पण फोन एवढ्यासाठीच नव्हता. पुढचं माधवी बोलली, राजेश्रीच्या नवऱ्याशी, हरिओमशी. शिवूला पुण्याला पाठवा. ओजसच्या शाळेत दुसरीत एक जागा आहे, ती मी धरून ठेवलीय, सोमवारी फॉर्म भरायचाय. दोघं भावंडं बरोबर वाढतील. ताईंना विचारा आणि रविवारी भेटलो की सांगा.

हरिओम गावातल्याच एका शाळेत गणित शिकवायचा, आणि तिथं शिकवायचा म्हणूनच त्याला लेक तिथं ठेवायची नव्हती. फोन ठेवून तो म्हणाला, “तुझं काय म्हणणं?”

“माझं काय म्हणणं असणार.”

“हो किंवा न्हाई, एवढंच सांग की.”

राजेश्रीनं मशीनचं चाक फिरवलं. माधवीला दुसरं मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच काढत नव्हतं. राजेश्रीनं ती मनात काढली. शाळा निमित्त हाय, ती स्वतःशी म्हणाली. हिला लेक पाहिजे.

त्या आठवड्यात तिनं शिवूसाठी पोहायचा पोशाख शिवला. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं मोरपंखी, ताणलं की वाढणारं कापड उरलं होतं, त्याचा. तयार पोशाख माधवी आणणार हे तिला माहीत होतं, म्हणूनच शिवला. गळ्याला पांढरी पट्टी लावली, पाठीवर झालर घेतली. आणि हात सवयीनं चालला. पोर वाढत्या अंगाची, तीन वर्षं तरी निघावा, म्हणून बगलेत, कंबरेत, खांद्यावर तिनं भरपूर माया ठेवली आणि वरून मापही बोटभर ढिलं धरलं. शिवूनं आरशासमोर घालून बघितला, गिरकी घेतली आणि म्हणाली, “काकूला दाखवायचा.”

शनिवारी दुपारी ते पोचले. सात वर्षांची शिवू, तिचा चार वर्षांचा भाऊ बालाजी, हरिओम, राजेश्री आणि एक फुगलेली पिशवी. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं तापून उभी भेगाळलेली, आणि मधोमध निळं पाणी, प्लास्टिकची नारळाची झाडं, तो डायनासोर. योगीराजची गाडी आधीच लागलेली होती. माधवी गॉगल डोक्यावर सरकवून पुढं आली, वाकून राजेश्रीच्या पाया पडली, आणि उठता उठता तिनं शिवूला जवळ ओढलं. शिवू तिच्या कमरेला अशी बिलगली की राजेश्रीच्या हातातली पिशवी आपोआप खाली गेली.

काउंटरवर बन्सीधर नावाचा माणूस बसला होता. बोलता बोलता तो वालूरचा निघाला आणि राजेश्रीला जरा बरं वाटलं. खोल्यांचे दोन नमुने होते. एक ‘जंगल’, त्यात भिंतीवर माकडं. एक ‘समुद्र’, त्यात मुलांसाठी नावेच्या आकाराचा पलंग. जंगलच्या लोकांच्या मनगटाला हिरवा बँड, समुद्रच्या लोकांना निळा. पाण्यात उतरायला, जेवायला, झोक्यावर बसायला, सगळीकडं बँड दाखवायचा.

“जंगलच्या खोलीत दोन मोठे, एक पोरगं. तिथं जागा कमी हाय,” बन्सीधर म्हणाला. “यांचं एक पोरगं समुद्रात टाकावं लागंल.”

“शिवकन्या आमच्यात येईल,” माधवी लगेच म्हणाली. “नावेत झोपायचंय ना तुला?”

शिवूनं मान इतक्या जोरात हलवली की वेणी सुटली. बन्सीधरनं तिच्या मनगटाला निळा बँड चिकटवला. ओजस, माधवी, योगीराज, शिवू. चार निळे हात एका रांगेत काउंटरवर. समोर तीन हिरवे. बन्सीधरनं रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “समुद्र, आई-वडील आणि दोन मुलं.”

त्याला कुणी दुरुस्त केलं नाही. हरिओमनं तर सहीही केली.

चारच्या सुमारास सगळे पाण्यावर गेले. शिवू मोरपंखी पोशाख घालून आली. कोरडी असेपर्यंत ती राजेश्रीला बाहुलीसारखी दिसली. मग ती छोट्या तळ्यात उतरली, आणि तो पोशाख पाणी प्यायला. आत दडवलेलं सगळं कापड भिजून जड झालं, ढिल्या मापात पाणी शिरलं, पोटाशी घुमट उभा राहिला आणि खांदे घसरून कोपरापर्यंत आले. शिवू दोन्ही हातांनी तो धरून उभी राहिली.

“शिवू फुगा झाली,” ओजस ओरडला. “फुगा, फुगा.” तळ्यातली परकी पोरंही हसली. हरिओम हसला. चार वर्षांचा बालाजी तर टाळ्या पिटायला लागला.

“राजेश्री, हे काय शिवलंस गं,” हरिओम डोळे पुसत म्हणाला. “ह्यात आणखी दोन पोरी मावतील.”

“वाढतं अंग हाय तिचं.”

“एका दुपारीत किती वाढंल?”

माधवी हसली नाही. ती टॉवेल घेऊन पाण्यात गेली, शिवूला गुंडाळून आणलं आणि पाच मिनिटांत परत आली तेव्हा शिवूच्या अंगावर केशरी रंगाचा तयार पोशाख होता, साबणावरच्या कागदासारखा घट्ट बसलेला. तो तिच्या बॅगेत होताच. “ताई, तुमचा छान आहे,” ती म्हणाली. “पण पाण्यासाठी माया नाही ठेवत. अंगालाच चिकटून लागतो.”

शिवणकामातला शब्द तिच्या तोंडून ऐकून राजेश्रीला कानशिलं तापल्यासारखी वाटली. बारा वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला हिनं शिकवावं. आणि ते खरं असावं. शिवू तोवर घसरगुंडीच्या टोकावर पोचली होती. वरून ती ओरडली, “काकू, बघ.” राजेश्री माधवीच्या शेजारीच उभी होती. दोघींच्या मध्ये हातभर अंतर होतं. काकू, बघ.

मोरपंखी पोशाख तिनं पिळला. मुठीत पिळतच राहिली.

रविवारी सकाळी नाश्त्याला शिवू निळ्यांच्या टेबलावर बसली, कारण ओजस तिथं होता. माधवी तिची वेणी घालत होती, वेगळीच, चार पदरांची. “ताई, मग काय ठरवलंत? आज सांगणार होतात,” ती केसांतून नजर न काढता म्हणाली.

“दुपारी सांगते,” राजेश्री म्हणाली.

दुपारी उन्हामुळं पाणी बंद ठेवायचे. चारला पुन्हा सुरू होणार होतं आणि पाचला मोठ्या तळ्यात लाटा सोडणार होते. त्या लाटांविषयी शिवू कालपासून बोलत होती. पुरुष मंडळी झाडाखाली खुर्च्या टाकून पेंगत होती, बालाजी बापाच्या मांडीवर, माधवी ओजसला घेऊन आइस्क्रीम आणायला गेली होती. राजेश्री समुद्र खोलीत गेली. शिवू नावेच्या पलंगात झोपली होती. एक हात बाहेर लोंबत होता, त्यावर निळा बँड.

राजेश्री काठावर बसली. भिंतीवर मासे रंगवले होते, सगळे एकाच दिशेनं तोंड केलेले. उशीवर माधवीच्या तेलाचा वास होता. पोरीच्या केसांनाही तोच. तिनं मान वळवून बघितलं, दार लोटलेलं होतं. तिच्या पर्समध्ये धागे कापायची छोटी कात्री कायम असते, लग्नाला गेली तरी असते. ती तिनं काढली. फार विचार केला नाही. एवढंच मनात आलं की काउंटरवरचा माणूस वालूरचा हाय, तुटला म्हणून सांगू, हिरवा मागून घेऊ, आणि पोरगी आपल्या रंगात येईल. कात्रीनं एकदाच कच्च केलं. बँड पलंगावर पडला. मनगटावर पांढरा पट्टा उरला, उन्हानं काळवंडलेल्या कातडीत तेवढाच गोरा.

काउंटरवर बन्सीधरनं बँड उजेडात धरला.

“ताई, हा चालायचा न्हाई.”

“तुटला ओ. लेकरूच हाय. हिरवा द्या एखादा.”

“तुटलेल्याला दुसरा देतच न्हाईत. लोक कापलेले बँड बाहेर देतात, आन् भाऊबंद चिकटवून आत येतात. परवा एका बँडवर अर्धी वाडी पोहून गेली. मालकानं कॅमेरा लावलाय बघा डोक्यावर. खोलीत राहा, जेवा, पण लेकराला पाण्यावर न्हाई सोडता येत.”

“मी वालूरची हाय.”

“म्हणून तर खरं सांगायलोय.”

तोवर सगळे गोळा झाले. योगीराज भांडला, मालकाला फोन लावा म्हणाला. मालक उचलेना. हरिओमनं नियम वाचून दाखवायला सांगितलं आणि बन्सीधरनं वाचून दाखवला. शिवू डोळे चोळत, अनवाणी, दारातून आली. तिच्या मोकळ्या मनगटाकडं सगळ्यांनी बघितलं.

“कसा तुटला गं?” हरिओमनं विचारलं.

शिवूनं एकदा आईकडं पाहिलं. “मी तोडला. दातानं.”

“दातानं न्हाई,” बन्सीधर म्हणाला. त्यात खोड काढायचा हेतू नव्हता, धंद्यातली माहिती सांगावी तसं तो बोलला. “दात लागला की हे ताणतं, पांढरं पडतं. हे बघा, सरळ कापलंय.”

 माधवीनं बँड हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला.

“कात्रीनंच,” शिवू म्हणाली. “मम्मीच्या पर्समधली घेतली. खाजवत होतं.”

“अक्कल हाय का तुला?” हरिओमचा आवाज चढला. “एवढी मोठी झालीस. काकानं एवढ्या हौसेनं आणलं आन् तू कात्र्या चालवायलीस? बस आता बाहेर. लाटा बघ जाळीतून.”

हे बोलणं पोरीनं उभ्यानं ऐकून घेतलं. राजेश्री दोन पावलांवर होती. मीच, हा एकच शब्द लागत होता. तो ती म्हणणारच होती, पण समोर माधवीचा चेहरा होता. नवऱ्यासमोर, दिरासमोर सांगायला तिची हरकत नव्हती. हिच्यासमोर नव्हतं सांगायचं.

“दादा, जाऊ दे ना,” माधवी म्हणाली. “लहान आहे. मी थांबते तिच्यापाशी बाहेर.”

“मी थांबते,” राजेश्री म्हणाली. “तू जा. ओजस वाट बघायलाय.”

जाळीच्या बाहेर सिमेंटची अळंबी होती, बसायला. त्यावर दोघी बसल्या. पाचला भोंगा वाजला, आत पाणी उसळलं, पोरांचा एकच गलका झाला. ओजस योगीराजच्या खांद्यावर होता. राजेश्रीला काल दुपारपासून जे हवं होतं ते मिळालं होतं. लेक तिच्या शेजारी होती, एकटी, आणि कुणी तिला हाक मारत नव्हतं.

“झोपली नव्हतीस?” तिनं विचारलं.

“कच्च वाजलं तेव्हा जागी झाले.”

“मग बोलली का न्हाईस?”

शिवूनं खांदे उडवले. ती जाळीच्या भोकातून बोट आतबाहेर करत होती. “पप्पा तुला बोलले असते. काकूसमोर.”

 सात वर्षांच्या पोरीला हे ठाऊक होतं. काकूसमोर म्हणजे काय, हे तिनं न सांगता शिकून घेतलं होतं, एकदा खोटं पकडलं गेलं तर दुसरं चांगलं बेतून सांगितलं होतं, आईच्या वाट्याचं बापाचं बोलणं खाल्लं होतं. शाळेत शिकवलं नव्हतं कुणी हे. घरातच शिकली होती.

“काकूनं विचारलं का तुला काही?”

“न्हाई. तिनं चप्पल आणून दिली आन् म्हणाली, तुझ्या मम्मीच्या कात्रीला लय धार आहे ना.”

“लय म्हणाली?”

“हां.”

म्हणजे तिला कळलं होतं. काउंटरवर अंगठा फिरवला तेव्हाच कळलं होतं, आणि ती गप्प बसली होती. राजेश्रीला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो याचा. चांगलं वागायची ही जागाही त्या बाईनं आधीच येऊन धरून ठेवली होती, शाळेतल्या जागेसारखी.

“पुण्याला जायचंय तुला?” तिनं विचारलं.

 आत एक लाट आली, फुटली. “जायचंय. पण तू तिथं येऊन काही कापणार न्हाईस ना?”

राजेश्रीला हसू आलं आणि ते भलत्याच ठिकाणी संपलं. “न्हाई कापणार,” ती म्हणाली.

लाटा थांबल्यावर मंडळी ओली बाहेर आली. राजेश्री अळंबीवरून उठली, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “बँड मी कापला,” ती म्हणाली. “तिला बोलू नका.” हरिओमचं तोंड उघडं राहिलं. योगीराज टॉवेलनं कान पुसायला लागला, जसं काही त्याला ऐकूच आलं नाही. मग ती माधवीकडं वळली.  “उद्या फॉर्म भर तिचा.”

माधवीचे डोळे भरले. “ताई,” ती म्हणाली, “मी सांभाळीन हो तिला.”

“सांभाळशील. ते माहीत हाय मला,” राजेश्री म्हणाली. ते कौतुक नव्हतं आणि माधवीलाही ते तसं वाटलं नसावं.

जूनमध्ये माधवीचा फोन आला, गणवेश इथं तयार मिळतो ताई, तुम्ही त्रास घेऊ नका. राजेश्रीनं कापडाचा नमुना मागवला. परभणीला जाऊन तशाच निळ्या चौकड्या शोधल्या आणि तीन रात्रींचं काम एका दिवसात केलं. या वेळी बाहेरून तिनं माप तंतोतंत घेतलं, कुठं सुरकुती पडू दिली नाही. पण आत, खालच्या घेरात आणि बगलेत, दोन-दोन इंच माया दुमडून ठेवली. पोर चौथीत जाईपर्यंत त्या घरात दुसरा गणवेश विकत घ्यायची वेळ येऊ नये, एवढाच तिचा हिशेब होता.

संक्रांतीच्या आधी व्हिडिओ कॉल आला. शिवू कॅमेऱ्यापुढं उभी होती, गिरकी घेत होती. उंची वाढली होती. ‘आहे’ म्हणत होती.

“ताई, बघा,” माधवी मागून म्हणाली. तिच्या आवाजात खुशी होती. “आखूड व्हायला लागला होता. आत बघितलं तर केवढी माया ठेवलीत तुम्ही. मीच उसवली आणि सोडली खाली. शिकले ना मी?”

राजेश्रीला जुनी टाचणी टोचली. तिनं ठेवलेली माया त्या बाईनं आपल्या हातानं सोडली होती, पुण्यातल्या दिव्याखाली बसून, तिच्या लेकीला समोर उभं करून. “फोन जरा खाली धर गं शिवू,” ती म्हणाली. “घेर दाखव.”

घेर पडद्यावर आला. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. टाके वाकडे होते. एक लांब, एक तोकडा, मध्ये कुठंतरी दोरा गोळा होऊन गाठ बसलेली, आणि निळ्याला चक्क काळा दोरा वापरलेला.

“छान झालंय,” राजेश्री म्हणाली.

फोन ठेवून ती मशीनवर बसली. जिन्यावरून कुणीतरी माया ठेव म्हणालं, ती हो म्हणाली. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिला जेवण गोड लागलं.